धांडे सरांची लग्नाची साइट

धांडे सर आठवले की मला अजूनही हात धुवावेसे वाटतात.

वाईट माणसं मी पुष्कळ पाहिली. दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत मी वाढले. तिथे साहेब लोकांचे नाना नमुने रोज दारावरून जात. पण वाईट माणसाचा राग येतो, आणि राग काही दिवसांनी उतरतो. धांडे सरांचा मला राग येत नाही, किळस येते, आणि ती उतरत नाही. त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की मला आज जे काम येतं त्याचा पाया ह्याच माणसानं घातला.

नव्वदचं दशक निम्मं उलटून गेलेलं. जळगावात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. धांडे सरांचा क्लास बाजारपेठेत पाइपच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. अरुंद जिना चढून वर गेलं की आधी चपलाबुटांचा ढीग लागायचा. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असा तेव्हा सगळ्यांचा पक्का समज होता, म्हणून पादत्राणं बाहेर. आत बंद खिडक्या, जाड पडदे, एकच एसी, आणि खोली भरून पोरांचे मोजे. बाहेर जळगावचा मे महिना भाजून काढत असायचा, त्यामुळे तो वाससुद्धा लोक गोड मानून घेत. सर स्वतः मात्र बूट घालूनच आत फिरायचे.

दिसायला माणूस नीटनेटका. पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशाला चार पेनं. त्या पेनांपैकी एकाचं टोपण ते कानात घालून फिरवत, डोळे मिटून, अगदी समाधी लागल्यासारखे. मग तेच टोपण पेनाला लावून तेच पेन आमच्या वहीवर टेकवत आणि म्हणत, "इथं चुकलीस बेटा." मुलगी असली की ती बेटा. मुलगा असला की "ए हिरो". टेबलाच्या खणात केळीच्या वेफर्सची पिशवी कायम उघडी. वेफर खायचा, बोटं चाटायची, कीबोर्डवर टाइप करायचं. त्यांच्या मशीनची बटणं दाबली की चिकटून बसत आणि सावकाश वर येत. घाम पुसायचा रुमाल आणि मशीनचा पडदा पुसायचा रुमालही एकच होता. पुढे त्यांनी मला तिथेच शिकवायला ठेवून घेतलं, तेव्हा घरून निघताना मी पर्समध्ये डब्याच्या आधी ओलं फडकं टाकायची.

पण शिकवणं? ते मी नाकारू शकत नाही, आणि मला नाकारायला फार आवडलं असतं.

डेटाबेस शिकवायला ते उभे राहिले की पहिल्या तासाला फळ्यावर दोन चौकोन काढत. "हे टेबल म्हणजे घर. ही आडवी ओळ म्हणजे घरातलं माणूस. आता मला सांगा, फॉरेन की म्हणजे काय?"  मग ते वेफर मोडावा तसं हळूच म्हणायचे, "फॉरेन की म्हणजे सून. दुसऱ्या घरातून आलेली. माहेरच्या टेबलात तिची नोंद असल्याशिवाय सासरच्या टेबलात घ्यायची नाही. घेतली तर काय होईल, ए हिरो?" पोरं खिदळायची. मुली वहीत डोकं घालायच्या. त्या सुनेवरून ते आणखी काय काय बोलत ते मी इथे लिहिणार नाही. पण तासाच्या शेवटी फॉरेन की वर्गातल्या प्रत्येकाला समजलेली असे, मागच्या बाकावरच्या झोपाळूंनासुद्धा. "एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दोन जागी लिहिली की एक दिवस दोन्ही जागा भांडणार," हे त्यांचंच वाक्य. मी पुढे जन्मभर हेच काम केलं, आणि अजून दोन टेबलं जोडताना माझ्या डोक्यात आधी ती सून येते. ह्याची मला भयंकर चीड येते.

मशीनं मात्र कमी होती. पाच-पाच जणांत एक, आणि वाट पाहणाऱ्यांना पुठ्ठ्यावर बटणं काढून दिलेली. पोरं त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटत बसत आणि सर म्हणत, "याला सराव म्हणतात." पालक चौकशीला आले की पुठ्ठे कपाटात आणि सगळ्या पडद्यांवर रंगीत मासे पोहायला लागत. दोन पडद्यांना तर खाली मशीनच नव्हतं. ते अंधारे राहत म्हणून त्यांच्यावर सरांच्या बायकोनं शिवलेली झालरीची कव्हरं घातलेली असत, आणि सर गंभीर चेहऱ्यानं पालकांना सांगत, "ही दोन फार नाजूक कामाची आहेत." रावेरकडचे, भुसावळकडचे साधे लोक. ते त्या कव्हरांकडे देवघराकडे पाहावं तसं पाहत. एका बाईंनी तर पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला, आणि हा माणूस तो नमस्कार स्वीकारल्यासारखा मान हलवून हसला. 

मग इंटरनेट आलं. फोनच्या तारेतून किरकिर करत यायचं आणि मध्येच तुटायचं, पण आलं. सरांनी लगेच समाजाच्या मंडळाकडे फेऱ्या सुरू केल्या. आपल्याकडे लग्नं जमवायला दरवर्षी वधू-वरांची पुस्तिका निघते: फोटो, शिक्षण, मामाचं कूळ, पत्ता. तीच पुस्तिका साइटवर टाकायची, म्हणजे पुण्यातले, परदेशातले मुलगेही घरबसल्या मुली पाहतील. कल्पना चांगली होती, हेही कबूल करते. मंडळाचे अध्यक्ष डाळमिलवाले होते, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांना एकदा क्लासवर आणून सरांनी नमुना दाखवला. प्रत्येक मुलीच्या नावापुढे एक नंबर होता.

आबांनी चष्मा वर केला. "हाई काय?"

"आबा, तो तिचा क्रमांक. नावं सारखी असतात ना, म्हणून..."

"लग्नानी पोर शे ती, टॅक्टर नई. नंबर कसाले लावस तिले?"

आता सरांना ह्यातलं सगळं कळत होतं. माणसाच्या नावावर की, म्हणजे ओळ ओळखायची खूण, ठेवायची नसते, हे त्यांनी आम्हाला घोटून घोटून शिकवलेलं. खानदेशात एका गावात दहा पाटील आणि त्यात सारख्या नावाचे बाप आणि सारख्या नावाच्या पोरी, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. नंबर आत ठेवून वर दाखवायचा नाही, इतकी साधी वाट होती. पण आबांच्या पुढ्यात त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून दिसतं. लोणी लावल्यासारखा. "तुम्ही म्हणाल तसं, आबा. नंबर काढूनच टाकतो. आपल्या लेकी म्हणजे काय नंबर आहेत?" आबा गेल्यावर मी म्हटलं, "सर, आतमध्ये तरी ठेवा." त्यांनी बोट चाटलं आणि म्हणाले, "आबांच्या मुलानं आत उघडून पाहिलं तर? राहू दे."

तर मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव, ही झाली की. लोक एकच फॉर्म दोनदोनदा पाठवतात म्हणून सरांनी प्रोग्राममध्ये आणखी एक शहाणपण केलं: असं नाव आधीच असेल, तर नवी ओळ घ्यायची नाही, जुन्या ओळीतच नव्या फॉर्मची माहिती भरायची. नव्यात जी जागा कोरी असेल, तिथलं जुनं तसंच ठेवायचं.

रावेर तालुक्यातल्या एका गावात दोन प्रल्हाद पाटील होते. गावाला काही अडचण नव्हती. एक मळ्यातला प्रल्हाद, दुसरा पिंपळाजवळचा. दोघांना वैशाली नावाची मुलगी. मळ्यातल्या प्रल्हादभाऊंची वैशाली बी.एस्सी. झालेली, धुळ्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. तिचा फॉर्म साइटवर होता तो आधीचा. पिंपळाजवळच्या वैशालीचं पहिलं लग्न मोडलेलं, घरच्यांनी तिचा फॉर्म नंतर पाठवला. फोटो नाही, शिक्षणाची जागा कोरी, फक्त एका ठिकाणी खूण: घटस्फोटित.

मशीननं सांगितलेलं काम केलं. मळ्यातल्या वैशालीचा फोटो, तिचं बी.एस्सी., आणि त्याखाली घटस्फोटित.

धुळ्याच्या मुलाचे काका पुण्याला नोकरीत. उद्घाटन व्हायचं होतं, तरी साइट चालू झाली होती. त्यांनी कौतुकानं ऑफिसात ती उघडली, होणाऱ्या सुनेचा फोटो शोधला, आणि तो कागद छापून धुळ्याला पाठवला.

प्रल्हादभाऊ क्लासवर आले तेव्हा मी वर्गात होते. उंच, काळेसावळे, केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा. जिन्यात चपला काढून उंबऱ्यातच उभे राहिले, आत यायला संकोचले. मीच त्यांना सरांच्या खोलीत नेलं.

"सायेब," ते म्हणाले, "माह्या पोरीचं अजून लग्नच नाही झालं. मंग घटस्फोट कुठून आला?"

सर म्हणाले, "फॉर्म तुम्हीच भरला असेल ना तसा. कॉम्प्युटर आपल्या मनानं काही लिहीत नाही, भाऊ."

मी कपाटातून फाइल काढली. दोन्ही फॉर्म एकामागोमाग निघाले. मी ते सरांपुढे ठेवले. त्यांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हं. हे एक दिवस होणारच होतं." मग कीबोर्ड पुढे ओढला. वैशालीच्या ओळीत 'अविवाहित' केलं. दुसरीची वेगळी ओळ घातली आणि मशीननं पुन्हा पहिलीवरच लिहू नये म्हणून तिच्या गावाच्या नावापुढे एक टिंब दिलं. बास, एक टिंब. मशीनला ते दुसरं गाव वाटलं. "झालं," सर म्हणाले. "घरी जा, निवांत झोपा. आता साइटवर तसं काही नाही. कधी नव्हतंच म्हणा ना."

कधी नव्हतंच! इथेच तर सगळं बिघडलं. धुळ्याच्या लोकांनी पुन्हा पाहायला सांगितलं, तर पुण्याच्या काकांना साइटवर 'अविवाहित' दिसलं, आणि हातात कागद 'घटस्फोटित'. आठवड्यात घटस्फोटिताची अविवाहित कशी झाली? मुलीच्या बापानं दबाव आणून बदलून घेतलं. दुसरा कोणता अर्थ माणूस काढणार? चूक राहिली असती तर चूक म्हणून दाखवता तरी आली असती. सरांनी ती पुसली, आणि पुसल्याचा डाग वैशालीच्या अंगाला लावला.

प्रल्हादभाऊंबरोबर मी धुळ्याला गेले. दोन्ही फॉर्म नेले. मुलाच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. भला माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, फॉर्म दोनदा वाचले.

"बाई, तुम्ही खोटं बोलतस असं मी म्हनत नई," ते म्हणाले. "पन बठ्ठा नातेवाइकेस्नी तो कागद देखेल शे. हाऊ फॉर्म काय, कोनी बी भरी दी. तुम्हना सायबले लई या. त्यास्नी चार मानसेंमा सांगं, का आम्ही ऐकसूत."

कागद सगळ्या नातेवाइकांनी पाहिला होता, तरी दार उघडं होतं. एका माणसानं एसटीत बसून धुळ्याला यायचं आणि चार माणसांत एक वाक्य बोलायचं, एवढंच बाकी होतं.

येताना एसटीत प्रल्हादभाऊ खिडकीबाहेर बघत होते. पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "येतीन ना हो तुमचे सर? मानूस शिकेल आहे." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली स्वतःच वडिलांबरोबर क्लासवर आली. फोटोतल्यापेक्षा बारीक, वेणी घट्ट घातलेली. प्रल्हादभाऊंनी हात जोडले. "सायेब, मी तुमाले दोष नाही देऊ राह्यलो. तुमचं नाव बी नका घेऊ. चूक मशीनची झाली, येवढंच पाव्हन्यांसमोर येऊन सांगा."

सरांनी पेनाचं टोपण कानातून काढलं. "भाऊ, रविवारी समाजाचा मेळावा आहे. आबांच्या हातून साइटचं उद्घाटन. आणि त्याच्याआधी मी जाऊन सांगू, मशीन चुकलं? उद्या एक माणूस फॉर्म देणार नाही."

"मग मशीन नाही, तुम्ही चुकलात असं सांगा," वैशाली म्हणाली.

 ती सरळ त्यांच्याकडे पाहत होती. "सर, लग्न मोडलं तर मोडू दे. पण मी कुणाच्या घरात नांदून आलेली नाही, एवढं तरी सांगा. तुम्हाला माहीत आहे ते. आमच्या सांगण्याला आता किंमत नाही, तुमच्या सांगण्याला आहे."

मला वाटलं, आता हा माणूस विरघळेल. इतकं साधं, इतकं खरं कुणी समोर बसून बोललं तर दगडाला पाझर फुटला असता. सरांनी खण उघडला, वेफर्सची पिशवी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"घे बेटा. तू शिकलेली आहेस, तुला कळतं. लग्न काय, एक मोडलं तर दुसरं जमतं. साइट आपल्या समाजाची एकच आहे."

वैशालीनं पिशवीकडे पाहिलं, मग वडिलांचा दंड धरून त्यांना उठवलं. मी जिन्यापर्यंत गेले. ती चपला घालत होती, पण पट्टा काही अडकेना. शेवटी प्रल्हादभाऊ खाली बसले आणि त्यांनी तो लावला.

मी त्याच दिवशी आबांकडेही गेले. आबा म्हणाले, धांडेला विचारतो. त्यांनी विचारलं असेल, आणि धांडेनं सांगितलंही असेल काहीतरी. रविवारी मेळावा झाला, मोठ्या पडद्यावर साइट उघडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांना शाल आणि नारळ मिळाला. ते माझ्या बाजूला येऊन शालीचं पोत बोटांनी बघत म्हणाले, "मॅडम, नाव झालं आपलं." सोमवारी मी नोकरी सोडली.

लग्न मोडलं. धुळ्याच्या नानांनी जड मनानं निरोप पाठवला, असं कळलं. तेवढ्यावर थांबतं तर ठीक होतं. पण तो कागद आता नातेवाइकांच्या डोक्यात छापला गेला होता. वैशालीला त्यानंतर स्थळं यायची ती बिजवरांची. कुणाची बायको वारलेली, कुणी सोडलेली. येणारे लोक समजूतदारपणे बोलायचे, जसं काही तिच्यावर उपकार करायला आले आहेत. मी एकदा रावेरला गेले असताना तिनं मला हे हसत सांगितलं. ते हसू मला बघवलं नाही.

धांडे सर मला शेवटचे दिसले ते काही महिन्यांनी. भुसावळला दुसरीकडे काम मिळत होतं, तिथल्या लोकांना माझा अनुभवाचा दाखला हवा होता. जावं लागलं. जिना, चपलांचा ढीग, सगळं तसंच. वर्ग भरलेला होता, म्हणून मी दाराशी थांबले. सरांची पाठ माझ्याकडे होती. फळ्यावर त्यांनी दोन चौकोन काढले होते आणि एका चौकोनात लिहिलं होतं: वैशाली प्रल्हाद पाटील. त्याच्या खाली पुन्हा: वैशाली प्रल्हाद पाटील.

"...तर त्या धुळ्याच्या शहाण्यानं नावावर की ठेवली!" ते सांगत होते. की ठेवणारे स्वतः, आणि नाव धुळ्याच्या कुणा शहाण्याचं. "आता ह्या दोघी. एक कुमारी, एक घटस्फोटित. दुसरीचा फॉर्म आला. मशीन काय करणार, ए हिरो?"

"पहिलीवरच लिहिणार, सर!"

"शाब्बास! पहिलीवर लिहिलं. गेलं लग्न!" त्यांनी हात झटकले. वर्ग हसला. मग त्यांनी सगळं सांगितलं, एकही पायरी न गाळता: कोऱ्या जागा, फोटो, छापलेला कागद, आणि नंतर कुणाला न सांगता ओळ बदलली की काय होतं ते. "चूक झाली तर दुरुस्त करायच्या आधी कबूल करायची. नाहीतर दुरुस्तीच खोटी दिसते." इतकं स्वच्छ, इतकं खरं. हेच, अगदी ह्याच शब्दांत, धुळ्याला नानांच्या ओसरीवर बोलायचं होतं. एक बाप हात जोडून ह्याचीच वाट बघत होता. इथे सर ते फुकट वाटून टाकत होते, आणि पोरं भराभरा उतरवून घेत होती.

पुढच्या बाकावर एक मुलगी होती, नवीनच आलेली असावी. तिनं लिहिणं थांबवून हात वर केला.

"सर, मग तिचं पुढे लग्न झालं का?"

सरांनी फळा पुसायला घेतला होता. ते वळले, तिच्याकडे पाहून गोड हसले.

"बेटा, ते परीक्षेला येत नाही."

सगळा वर्ग हसला. ती मुलगीही लाजून हसली, आणि खाली मान घालून पुढचं लिहून घ्यायला लागली.